हँडल कुठं ओढतंय का

पहिल्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी दिंडोरीकडच्या एका वाडीवर म्हशीला लस टोचत होते. सकाळचे सात वाजले होते. जनावरं रानात सुटायच्या आत लसीकरण उरकावं लागतं, म्हणून आम्ही पशुसंवर्धन खात्यातली माणसं उजाडायच्या आत घर सोडतो. एका हातात सिरिंज, दुसरा हात म्हशीच्या मानेवर आणि खिशात फोन वाजतोय. थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा म्हशीचा मालकच म्हणाला, की घरी काही कमीजास्त झालं असेल, आधी उचला. मी घाबरून उचलला. पलीकडून नाव नाही, रामराम नाही, नुसता प्रश्न.

“हँडल कुठं ओढतंय का?”

ओढत नव्हतं. तसं सांगितलं. मग डावीकडे वळताना क्लचची केबल ताणते का, खड्ड्यातून गेल्यावर मनगटाला मुंग्या येतात का, आणि चारही बोल्टवरच्या लाल रेघा जागेवर आहेत ना, असे आणखी तीन प्रश्न आले. शेवटच्या प्रश्नासाठी मला गाडीपाशी जाऊन, वाकून बघून यावं लागलं. मी परत येईपर्यंत म्हशीनं दावं तोडलं होतं.

सातपूरला कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका शटरचं दुकान होतं. पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. ‘येथे फक्त मोटारसायकलचे हँडल बसवून व सरळ करून मिळेल.’ खाली बारीक अक्षरात, ‘घाई असल्यास पुढे दोन गॅरेज आहेत.’ सगळे त्यांना हँडलवाले काका म्हणायचे, मीही काकाच म्हणत आले. मूळचे सायखेड्याकडचे. उभी हयात एका कारखान्यात फिटर म्हणून गेली आणि कारखान्याला टाळं लागल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं. ऑइल बदलणार नाहीत, पंक्चर काढणार नाहीत. चेन तेवढी ताणून द्या म्हटलं, तर हात जोडून शेजारच्या गॅरेजकडे बोट दाखवणार. हँडलच का, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, “इंजिन बंद पडलं तर गाडी थांबती. हँडल सुटलं तर गाडी थांबत नाय.” स्वतः मात्र सायकल चालवायचे. मोटारसायकलची त्यांना भीती वाटायची आणि ती ते कुणापासून लपवत नसत.

मी त्यांच्याकडे गेले ती माझी भीती घेऊन. त्याआधी चार महिने पेठ रस्त्यावर एक वासरू आडवं आलं, मी ब्रेक दाबला आणि गाडीसकट घसरत गेले. डाव्या बाजूचं हासळीचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली. डॉक्टर म्हणाले आता दुचाकी बास. आईनं तर गाडी विकायला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. पण वाड्यावस्त्यांच्या रस्त्यांवर लशीचा थंड डबा मागे बांधून जायचं, तर मोटारसायकलच लागते. आणि खरं सांगायचं, तर एकदा सोडली की पुन्हा मी कधीच बसणार नाही, हे मला आतून माहीत होतं. बसायला लागले तर हँडलपर्यंत हात लांबवला की खांद्यात आग व्हायची. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, की हँडलच्या खाली रायझर बसवून घ्या. रायझर म्हणजे धातूचे दोन ठोकळे, त्यांनी हँडल दीड इंच वर आणि थोडं तुमच्याकडे येतं. रायझर आणि थोडं उंच, नवं हँडल घेऊन मी काकांच्या दारात उभी राहिले.

पहिला अर्धा तास त्यांनी गाडीला हातही लावला नाही. मला विचारत बसले. कुठल्या कुशीवर झोपता, पाण्याची बादली कुठल्या हातानं उचलता, दिवसाचे किती किलोमीटर, किती कच्चा रस्ता. मग गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मला बसवलं आणि डोळे मिटून दोन्ही हात वर करायला सांगितले. “आता सोडून द्या. जिथं पडतील तिथं पडू द्या.” हात हवेत एका जागी स्थिरावले की ते तिथं दोरा धरायचे आणि त्या दोऱ्याच्या मापानं हँडल बसवायचे. माझे हात त्यांनी पाचसहा वेळा पाडले. प्रत्येक वेळी डावा हात बोटभर खाली यायचा. मला वाटलं ते आता हँडल तेवढं वाकडं बसवतील. तसं विचारलंही. त्यांना ते आवडलं नाही. हँडल सरळच राहणार, वाकडे आपण आहोत, असं म्हणून त्यांनी डावीकडचा क्लचचा दांडा जरासा खाली फिरवला, आणि तेवढ्यानं माझं मनगट मोकळं झालं.

मग खरं काम. दांड्याचा तो कोन लक्षात ठेवून जुनं हँडल उतरवलं, ठोकळे बसवले, नवं हँडल त्यात ठेवून मधोमध आलंय का ते पट्टीनं मोजलं. बोल्ट एकदम कुणीही आवळू नये, असा त्यांचा दंडक होता. पुढचा थोडा, मागचा थोडा, समोरासमोर, दोन्हीकडची फट सारखी राहील असं. मग जमिनीवर पालथं पडून पुढच्या चाकाकडून बघायचं, दहा पावलं मागे जाऊन बघायचं, पुन्हा जवळ यायचं. शेवटी गाडी चालू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि कान देऊन ऐकायचं. फिरवताना इंजिनाचा आवाज तसूभरही चढला, तर ॲक्सिलेटरची केबल ताणली जातेय असं समजायचं आणि ती दुसऱ्या वाटेनं घ्यायची. ब्रेकची नळी कुठं घासत नाही ना, ते बोट घालून बघायचं. सगळं पटलं की मग बांगड्यांच्या दुकानातून आणलेली लाल नेलपॉलिशची बाटली निघायची. बोल्ट आणि त्याच्या बैठकीवर मिळून एक बारीक रेघ. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि डोळ्याला दिसते. बाटली ते स्वतः विकत आणायचे. दुकानदारीण म्हणे पहिल्यांदा त्यांना विचारत होती, की काकूंचा हात गोरा आहे की सावळा.

माझं काम सकाळी दहाला सुरू झालं ते साडेतीनला संपलं. आणि दुसऱ्या दिवशी सातला तो फोन.

त्यांनी परत पाठवलेली गिऱ्हाइकंही बरीच होती. जिम चालवणारा एक तरुण आला होता, त्याला हँडल डोक्याच्या वर हवं होतं, सिनेमात असतं तसं. काका नाही म्हणाले नाहीत. त्याला गाडीवर बसवलं, हात वर धरायला सांगितले आणि मी चहा पिऊन येतो, तोवर खाली घेऊ नका, असं म्हणून निघून गेले. मी तेव्हा तिथंच होते. सातव्या मिनिटाला त्या भल्या थोरल्या दंडांना कापरं भरलं. काका परत आले, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं की आता ट्रक आडवा आला तर ब्रेक कशानं दाबणार. तो साधं हँडल बसवून गेला. त्यालाही दुसऱ्या दिवशी फोन गेलाच असणार.

काकू दुकानाच्या मागच्या खोलीत शिवणकाम करायच्या. मधलं दार उघडंच असायचं, त्यामुळे एकीकडे मशीनची खडखड आणि एकीकडे पान्ह्याची. त्या फारशा पुढे येत नसत. पण काका बोल्ट आवळताना मशीन थांबायचं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आता त्या ऑगस्टची गोष्ट सांगते. खांदा पुन्हा दुखत होता म्हणून क्लचचा दांडा थोडा खाली करून घ्यायला दुपारी चारच्या सुमारास मी दुकानात गेले. बाहेर भुरभुर चालू होती. काका हात धूत होते. तासाभरापूर्वीच इगतपुरीच्या एका रेल्वेवाल्याची गाडी करून दिली होती, त्याच्या गाडीलाही रायझरच बसवले होते. तो रुळांवर पाणी चढलं की रात्र रात्र कसं फिरावं लागतं, ते सांगत होता, असं काका मला सांगत होते. बोलता बोलता त्यांचा हात साबणावरच थांबला. ते फळीकडे बघत होते. तिथं नेलपॉलिशची बाटली होती, झाकण घट्ट लावलेली.

“त्याला लाल लावलं का मी?” त्यांनी मधल्या दारातून विचारलं.

काकू म्हणाल्या की त्या पाणी भरायला मागे गेल्या होत्या, त्यांनी काही बघितलं नाही. काका मग मला एक एक सांगू लागले. हँडल मधोमध घेतलं, आठवतंय. नळी मोकळी केली, आठवतंय. गाडी चालू करून आवाज ऐकला, आठवतंय. मग तो हेल्मेट घालून गेला. मधले चार बोल्ट आवळल्याचं त्यांना आठवत नव्हतं. डोळे मिटून, हवेत हात फिरवून त्यांनी ते काम दोनदा करून बघितलं आणि दोन्ही वेळा त्याच जागी अडकले.

त्या माणसाला फोन लावला. वाजत राहिला. पावसात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत ठेवला असणार आणि तो गाडी चालवत असणार. दहा वेळा लावला. पुढच्या दोन्ही गॅरेजना त्या दिवशी सुट्टी होती. काका शटरपर्यंत गेले, परत आले आणि सायकलकडे बघू लागले. इगतपुरी तिथून पन्नासेक किलोमीटर.

चला, बसा, असं मी म्हणाले. पडल्यापासून मी हायवेला गेले नव्हते. चाळीसच्या वर काटा नेला नव्हता आणि मागे कुणाला बसवलं नव्हतं. काकाही कित्येक वर्षांत मोटारसायकलवर बसले नव्हते. त्यांनी सुती टोपी कानांवर ओढली, त्यावर माझं जादा हेल्मेट चढवलं, बोल्ट आवळायच्या अॅलन कीचा जुडगा खिशात घातला आणि परक्या बाईच्या मागे बसायचं म्हणून शक्य तेवढे मागे सरकून लशीच्या डब्याचा कॅरिअर दोन्ही हातांनी धरला. फोन लावत राहा, असं काकूंना सांगून आम्ही निघालो.

पाथर्डी फाट्यापासून ट्रक लागले. एकेक ट्रक जाताना चाकातलं पाणी अंगावर फेकायचा आणि दोन सेकंद मला पुढचं काही दिसायचं नाही. त्या दोन सेकंदांत मला दर वेळी ते वासरू दिसायचं. हात हँडलवर इतके गच्च आवळले होते की बोटं बधिर झाली. मागून काका काही बोलत नव्हते. फक्त प्रत्येक मोरी आली, प्रत्येक वळण आलं, की माझ्या खांद्यावर एक बोट टेकायचं. मी हळू करायची, ते वाकून खाली चारीत बघायचे, मग बोट उचलायचं. विल्होळीपासून वाडीवऱ्हेपर्यंत असं किती वेळा झालं, मोजलं नाही. रस्त्याच्या कडेला कुणी गाडी लावून उभा दिसला की मी ॲक्सिलेटर सोडून द्यायची. जवळ गेल्यावर तो भलताच कुणीतरी निघायचा.

वाडीवऱ्ह्याच्या पुढे गर्दी दिसली. माणसं गोल करून उभी, रस्त्यावर काहीतरी लाल पसरलेलं. मी गाडी नीट थांबवायच्या आतच काका उतरून पळत सुटले. मला उतरवेना. दोन्ही पाय जमिनीवर रोवून, डोळे हँडलवर लावून बसून राहिले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. ते परत आले तेव्हा चालत आले. टोमॅटोचा टेम्पो कलंडला होता, ड्रायव्हर कठड्यावर बसून बिडी ओढत होता. त्याला काही झालेलं नव्हतं. काकांच्या हातात एक टोमॅटो होता. तो कुणी दिला, कधी घेतला, त्यांना सांगता आलं नाही. घोटी येईपर्यंत तो त्यांच्या हातातच होता.

इगतपुरीला ढग खाली उतरले होते आणि समोरचं घरही दिसत नव्हतं. रेल्वे क्वार्टर्समध्ये चार दारं वाजवली तेव्हा त्या माणसाचं घर सापडलं. पत्र्याच्या आडोशाला त्याची गाडी उभी होती, हँडलवर खताची रिकामी गोणी टाकलेली. तो टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला आणि आम्हाला बघून गडबडला. काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. गोणी बाजूला केली, गुडघे टेकले आणि की लावली.

पहिला बोल्ट हलला नाही. दुसराही नाही. तिसरा, चौथा. चारही जिथल्या तिथं घट्ट. आणि चारही बोल्टवर लाल रेघ होती, बारीक, सरळ, नेहमीसारखी. मी मोबाइलचा उजेड धरला होता, त्यात ती ओली चमकत होती.

मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. तो माणूसही हसला. “काका, रेघा मारताना तुम्हीच म्हणला होता ना, यातली एक जरी तुटली तर तिथंच गाडी उभी करा आन् मला फोन लावा. मग आज इथवर कशाला आलात?” त्याच्या बायकोनं चहा आणला. फोन खरंच प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल्या रेनकोटच्या आत वाजत होता. त्यावर काकूंचे एकोणीस कॉल येऊन गेले होते.

काका हसले नाहीत. ते त्या रेघांकडेच बघत होते. एका रेघेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. दुसऱ्याचं काम तपासावं तसं बघत होते.

परत येताना घोटीला त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. पाऊस थांबला होता आणि अजून थोडा उजेड होता. रस्त्याकडेच्या दगडावर ते बसले. मी म्हटलं, काका, सगळं व्यवस्थित होतं, उगाच जिवाला लावून घेऊ नका.

“ढिला निघाला असता तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. “चूक झाली असती एक. चूक दुरुस्त करता येती. हे सगळं मी केलेलं हाय, त्याच्याशी बोललो हाय, आन् मला त्यातलं काय म्हणता काय नाय. आता मी कुठं काय बघू?”

मी जादा हेल्मेट त्यांच्या हातात दिलं.

दुकानापाशी पोचलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी विचारायच्या आत काका म्हणाले, की एक बोल्ट ढिला होता, आवळून आलो. आणि माझ्याकडे बघितलं. ढिलाईचा डाग स्वतःला लावून घ्यायला तो माणूस तयार होता, दुसरं कळू द्यायला नव्हता. मी मान हलवली. काकूंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि आत गेल्या.

पुढचे दीड महिने माझे वाईट गेले. कामावरून येताना मी मुद्दाम त्या गल्लीतून यायची. काका काम करतच होते. एकच बोल्ट तीन-तीन वेळा आवळताना मी त्यांना बघितलं. एकदा एका गाडीवर रेघेवर रेघ, अशा चार रेघा होत्या. रस्त्यात कुणाच्याही गाडीला लाल रेघ दिसली की माझी नजर तिथं जायची, आणि सिग्नल सुटला तरी मी बघत राहायची. जास्त आवळलेला बोल्टही एक दिवस तुटतो, हे काकांनीच मला शिकवलं होतं. मी गप्प आहे म्हणून कुणाचा तरी जीव जाईल, असं वाटायचं. आणि सांगितलं तर ह्यांचा जाईल, असंही वाटायचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, बाई गं, तू त्यांची कोण लागतेस? ते मलाही नीट सांगता आलं नाही.

शेवटी एका दुपारी काका सायकलवरून सामान आणायला गेलेले बघून मी काकूंकडे गेले. कसं सुरू करावं कळेना. काकूंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि त्याच म्हणाल्या, “त्या दिवशी बोल्ट ढिला नव्हताच ना?”

मी नाही म्हटलं.

“ढिला ठेवील असा तो माणूस नाय. मला लय आधीपासून म्हाइत हाय. पाणी भरलेलं असतंय आन् पुन्हा भरायला जात्यात. म्या वाट बघू ऱ्हायले होते, सांगतील म्हणून.” त्या रडल्या नाहीत. मशीनवरचं कापड काढून घडी घातली आणि डॉक्टर कुठला चांगला, ते मला विचारलं.

डॉक्टरकडे मीच दोघांना घेऊन गेले. तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, सुरुवात आहे, गोळ्यांनी वेग कमी होईल, थांबणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काका सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, की म्हणजे हळूहळू ढिला होणार. बाहेर आल्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी सांगितलं, हे त्यांना कळलं होतं. मी दुकानासमोरून गेले तर मान वर करत नसत. महिनाभर असं चाललं. मग एका सकाळी सात वाजता फोन वाजला, आणि माझ्या गाडीवर त्या वर्षात काहीही काम झालेलं नसताना त्यांनी विचारलं, हँडल कुठं ओढतंय का. मी म्हटलं, नाही काका. बरं, म्हणाले आणि फोन ठेवला.

दुकान त्यांनी बंद केलं नाही, पण त्या दिवसापासून एकट्यानं काम करणं सोडलं. काकू मशीन सोडून पुढे येऊन बसू लागल्या. हातात वही. काका एक एक काम करत जायचे आणि मोठ्यानं सांगायचे, पुढचा उजवा झाला. काकू स्वतः उठून की लावून बघायच्या आणि मगच वहीत खूण करायच्या. लाल रेघही आता त्याच मारायच्या. गिऱ्हाइकं पहिल्यांदा हसली. एकानं तर विचारलं, की काका, घरात काकूंचा एवढा धाक आहे का? काकांनी त्याला शांतपणे सांगितलं की मला आजार आहे, दोघांनी बघितल्याशिवाय गाडी जाणार नाही, पटत नसेल तर पुढे दोन गॅरेज आहेत. तो थांबला. बहुतेक जण थांबले.

वर्षभर असं चाललं. मग कधीतरी अदलाबदल झाली. नेमकी कधी, ते दोघांनाही सांगता येणार नाही. हात काकूंचे, बोलणं आणि शेवटी की लावून तपासणं काकांचं, असं होऊ लागलं. पुढं पुढं बोलणंही कमी झालं. काकूंना मी म्हटलं की तुम्ही हे फार लवकर शिकलात. त्या म्हणाल्या, “माप तर ब्लाउजचं काय आन् हँडलचं काय, खांद्यापासूनच घ्यायचं असतंय.”

परवा जानेवारीत मी पुन्हा गेले होते. गोठ्याशेजारी लावलेली माझी गाडी एका गाईनं ढुसणी मारून पाडली, आणि हँडल डावीकडे वाकलं. काकूंनी ते उतरवून नवं चढवायला घेतलं. काका शटरच्या आत खुर्चीवर बसले होते. अंगात स्वेटर, मांडीवर हात. मला बघून ओळखीचं हसले, नाव घेतलं नाही. काकू बोल्ट आवळायला लागल्या तेव्हा ते सरळ होऊन बसले. पुढचा थोडा, मागचा थोडा. त्यांचे डोळे किल्लीबरोबर फिरत होते. चौथा बोल्ट झाला. काकू उठून मागे सरकल्या, नेहमीसारखी त्यांना जागा करून दिली आणि की पुढे धरली.

काका उठले. गाडीपर्यंत आले. हँडलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग की न घेता गाडीला वळसा घालून बाहेर गेले आणि पायरीवर उन्हात बसले.

मी काकूंकडे बघितलं. त्यांचा हात अजून पुढेच होता. बायकोच्या कामावर भरवसा होता म्हणून त्यांनी तपासलं नाही, की तपासायचं असतं हेच ते विसरले, मला कळेना. हळू आवाजात मी काकूंना तसं विचारलं.

“म्या इचारलं नाय,” त्या म्हणाल्या. मग चारही बोल्टना त्यांनी स्वतःच पुन्हा की लावली, पदरानं हात पुसले, आणि क्लचच्या दांड्याच्या मापासाठी मला डोळे मिटून गाडीवर बसायला सांगितलं.